सुतकातलं भजन

माझी बायको इंदिरा गेल्याचं मला फॅक्टरीच्या गेटावर कळलं.

मी लेथवर होतो. मिस्त्री आला आणि म्हणाला, "चंद्रशेखरजी, मशीन बंद करो. गेट पर कोई आया है." चीनने हल्ला केल्यापासून बारा-बारा तासांच्या पाळ्या चालल्या होत्या आणि मशीन बंद कर असं कोणी कोणाला म्हणत नव्हतं. मी हात पुसत बाहेर गेलो. गेटावर प्रमोदिनी उभी होती, आमच्या शेजारच्या क्वार्टरमधली. पायात चप्पल नव्हती. एका हातात विणकामाच्या सुया होत्या. त्या घरी ठेवायला ती विसरली होती.

"भाऊजी, घरी चला," ती म्हणाली.

"काय झालं?"

"बाईंनी पाणी मागितलं. मी आणलं तोवर त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. बोलूनच नाही राहिल्या, भाऊजी."

मी सायकल घेतली. तिला मागे बसवलं. रांझीच्या रस्त्याने क्वार्टरवर आलो. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला, कोणी काही करू शकलं नसतं. ते ऐकून बरं वाटावं असं त्यांना वाटत असावं.

भाऊबीज होऊन आठवडाही झाला नव्हता. घरात अजून चकल्या होत्या.

माझे मोठे भाऊ, भय्यासाहेब, शहरातल्या राइट टाउनहून आले आणि त्यांनी सगळं हातात घेतलं. ते वकील. आमच्या घरात वडील गेल्यापासून त्यांचाच शब्द. दहन झालं. देवघराचं दार लावलं. दहा दिवस पूजा नाही, देवाला शिवायचं नाही, गोडधोड नाही, गाणं-भजन नाही. हे सगळं मला माहीत होतं, तरी त्यांनी ते एकदा म्हणून दाखवलं. मला ते आवडलं. कोणीतरी काय करायचं ते सांगत होतं.

एकच गोष्ट त्यांना माहीत नव्हती. आमच्या मागच्या खोलीत लष्करी हिरव्या लोकरीचे गठ्ठे छतापर्यंत लागले होते.

ती लोकर इंदिरेच्या मंडळाची. दर गुरुवारी आमच्या व्हरांड्यात क्वार्टरच्या बायका जमायच्या. आधी एक श्लोक, मग भजनं. युद्ध लागलं तेव्हा शहरातल्या बायकांच्या समितीने जवानांसाठी स्वेटर मागितले. इंदिरा जाऊन लोकर घेऊन आली आणि गुरुवारचं भजन रोजचं झालं. मंडळात निम्म्या बायकांना वाचता येत नव्हतं आणि समितीचा नमुना होता इंग्रजीत. इंदिरेने तो बाजूला ठेवला आणि स्वेटर भजनात बसवला. एक कडवं म्हणजे एक सुलट ओळ. ध्रुपद आलं की सुई पालटायची आणि उलट ओळ घ्यायची. भजन संपलं की टाके कमी करायचे. जी भराभर विणायची ती गाण्यामुळे थांबायची, जी हळू विणायची ती गाण्यामागे धावायची. म्हणून सगळ्यांचे स्वेटर एकसारखे यायचे. थोड्याच दिवसांत भजनांची नावंच बदलली. दत्ताचं झालं बॉर्डरचं भजन. विठ्ठलाचं झालं बाहीचं. रामाचं झालं गळ्याचं. पाळीला जाताना मी कितीदा ऐकलंय, आतून कोणीतरी ओरडायचं, "चला वं, गळ्याचं म्हणा आता, माझा गळा राहिला!" आणि सगळ्या हसायच्या.

मला युद्धामुळे तीनच दिवसांची रजा मिळाली. चौथ्या दिवशी मी कामावर गेलो. त्या दिवशी बायका पुन्हा आल्या. हे मला लतिकाने, माझ्या मुलीने, सांगितलं. तिला तेव्हा सतरावं चाललं होतं.

बायकांना दुसरी जागा नव्हती. प्रत्येकीची एकच खोली आणि त्यात रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपलेला. शिवाय गठ्ठे मंगळवारी समितीकडे द्यायचे कबूल केले होते. बुधवारी मालगाडी सुटणार होती. म्हणून त्या आल्या, व्हरांड्यात बसल्या, आणि सुतकाचं घर म्हणून मुकाट्याने विणू लागल्या. कोणी गुणगुणलंसुद्धा नाही. लतिका म्हणाली, अण्णा, नुसता सुयांचा आवाज येत होता, मला तो सहन झाला नाही. मी आत जाऊन बसले.

असे तीन दिवस गेले. शनिवारी संध्याकाळी प्रमोदिनीने बाह्या जोडायला घेतल्या आणि कपाळाला हात लावला. एकही जोडी जुळेना. कोणाची बाही कोपराला संपत होती, कोणाची बोटांच्या खाली लोंबत होती. एका स्वेटरचा गळा एवढा अरुंद की त्यातून मुलाचं डोकंही गेलं नसतं.

"हा जवान आहे का हनुमान?" एक लांबलचक बाही हवेत धरून प्रमोदिनी म्हणाली. कोणी हसलं नाही. मग तीच रडायला लागली.

मोजून विणायचा प्रयत्न त्यांनी केला होता. पण एकदा गाण्यावर हात बसले की मोजणीवर बसत नाहीत. हे मला माझ्या कामावरून कळतं. लेथचा आवाज बदलला की माझा हात आपोआप मागे येतो, मी आकडे पाहत नाही.

"भाऊजी," प्रमोदिनीने मला विचारलं, "आता काय करायचं जी? उसवून पुन्हा विणायचं तर गावं लागेल. आणि गायचं तर तुमच्या घरी सुतक."

मी म्हणालो, "उद्या भय्यासाहेब येणार आहेत. त्यांना विचारू."

खरं सांगायचं तर मला त्यांना विचारायचं नव्हतं. इंदिरा गेली ती गेली, पण तिचं काम असं आखूड-लांब होऊन परत येऊ नये, एवढंच मला हवं होतं. पण मला बोलता येत नाही. फॅक्टरीत आवाजामुळे बोलायची सवय राहत नाही, आणि घरी इंदिरा बोलायची.

रविवारी दुपारी भय्यासाहेब आणि वसुधावहिनी रिक्षाने आले. राइट टाउनपासून रांझीपर्यंत वहिनी मुलाचाच विचार करत होत्या, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. त्यांचा थोरला, शैलेंद्र, फौजेत कॅप्टन होता आणि पूर्वेच्या आघाडीवर होता. दिवाळीच्या आधीपासून त्याचं पत्र नव्हतं. भाऊबीजेला वहिनी आमच्याकडे आल्या होत्या तेव्हा त्या इंदिरेला म्हणाल्या होत्या, "देवाचं नाव घेताना हातात टाळ असावेत गं, सुया काय? ही फॅक्टरी आहे का?" इंदिरा हसली होती आणि त्यांच्या हातावर चकली ठेवली होती. रिक्षात वहिनींना ती चकली आठवत होती, असं त्या म्हणाल्या.

व्हरांड्यात बायका बसल्या होत्या. पुढ्यात उसवलेल्या लोकरीचे आणि उसवायच्या बाह्यांचे ढीग. भय्यासाहेबांनी ते पाहिलं आणि चपला काढता काढताच थांबले.

"हे काय चंद्रशेखर? हे इथे, या घरात?"

"जवानांचे स्वेटर," मी म्हणालो. "मंगळवारी द्यायचे आहेत."

"सुतकाच्या घरातली लोकर तू लढाईवरच्या मुलांच्या अंगावर घालणार?"

हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. म्हणताना ते लोकरीपासून दोन पावलं मागे सरले. मला तेव्हा पहिल्यांदा समजलं की ते रीत सांगत नव्हते, ते घाबरले होते. इथलं अशुभ लोकरीबरोबर तिकडे जाईल आणि शैलेंद्रला गाठेल, असं त्यांना वाटत होतं.

प्रमोदिनी उठली. "मोठे भाऊजी, आम्ही काही शिवाशीव नाही केली. आम्ही गायलोही नाही. म्हणून तर बिघडलं सगळं."

"गायला नाहीत ते योग्यच केलंत."

"मग हे घाला तुमच्या पोराला," ती म्हणाली आणि कोपरापर्यंतची बाही त्यांच्यापुढे धरली. तिला शैलेंद्रचं माहीत नव्हतं. लतिकाने तिचा पदर ओढला. भय्यासाहेबांनी मान फिरवली.

मग भय्यासाहेब खुर्चीवर बसले आणि वकिली आवाजात म्हणाले, "हे पहा. तेरावा होऊ द्या. मग राइट टाउनला माझ्याकडे बसा. मी नवी लोकर आणून देतो. शुद्ध जागा, शुद्ध वस्तू. भजन आधी करा, विणकाम मग करा. देवाची स्तुती वेगळी आणि काम वेगळं. इंदिरेने दोन्ही एकत्र केलं, तिचा हेतू चांगला होता, पण ते बरोबर नव्हतं."

"तेरावा होईपर्यंत गाडी निघून जाईल," प्रमोदिनी म्हणाली.

"पुन्हा गाडी जाईल."

"आणि तिथली थंडी? तीही थांबून राहील काय जी?"

दोन-तीन बायका भय्यासाहेबांच्या बाजूने बोलल्या. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एकीचा दीर फौजेत होता, ती म्हणाली, माझी सासू सुतकाची वस्तू त्याला लावू देणार नाही. दुसरी म्हणाली, बाईच नाहीत तर आता कशाला, चला घरी. ती आपली पिशवी उचलून उभी राहिली. तिच्यामागे आणखी एक उठली. मी पाहत होतो. आणखी दोघी उठल्या असत्या तर मंडळ तिथेच मोडलं असतं आणि पुन्हा बसलं नसतं.

तेव्हा लतिका बोलली. ती आमच्या घरात सगळ्यांत कमी मराठी बोलते, शाळेत हिंदी, मैत्रिणींत हिंदी. "मोठे काका, एक मिनट सुनो ना. आईने शेवटच्या गुरुवारी जो श्लोक घेतला होता, त्याचा अर्थ तुम्ही सांगा. बस. मग तुम्ही म्हणाल तसं."

"कोणता श्लोक?"

"नववा अध्याय, चौदावा. भगवंत अर्जुनाला सांगतात तो. भक्त कसे असतात तो."

भय्यासाहेबांचे तोंडपाठ होते सगळे. दर रविवारी सकाळी ते आपल्या घरी प्रवचन करायचे. त्यांनी डोळे मिटून संस्कृत म्हटलं. मग सवयीने अर्थ सांगायला लागले. "माझी कीर्ती सतत गाणारे. झटणारे. निश्चय न सोडणारे. भक्तीने मला नमस्कार करणारे. असे लोक नेहमी माझ्याशी जोडलेले राहून माझी उपासना करतात."

"गाणारे वेगळे आणि झटणारे वेगळे?" लतिकाने विचारलं. तिने वाद घालायला विचारलं नव्हतं. तिला खरंच कळलं नव्हतं.

"नाही," भय्यासाहेब म्हणाले. "तेच लोक."

"आईपण हेच म्हणाली होती," लतिका म्हणाली. "तेच लोक, एकाच वेळी. ती म्हणाली, तोंड देवाकडे आणि हात रिकामे, असं भगवंत कुठे म्हणतात?"

भय्यासाहेब म्हणाले, "अगं, पण सुतक..." मला वाटतं ते मनातल्या मनात पुन्हा तो श्लोक तपासत होते. माणूस विद्वान होता आणि प्रामाणिक होता. श्लोकात नाही ते आहे म्हणणं त्यांना जमलं नसतं.

पण निकाल श्लोकाने लागला नाही. तो वसुधावहिनींनी लावला.

त्या इतका वेळ दारात उभ्या होत्या. बसल्याही नव्हत्या. त्यांनी मला नंतर सांगितलं की त्या ढिगावरच्या बाहीकडे बघत होत्या आणि त्यांना एवढंच दिसत होतं की ही बाही शैलेंद्रच्या मनगटापर्यंत पोचत नाही. कोपरापासून पुढचा त्याचा हात उघडा आहे. सुतक त्यांना दिसत नव्हतं.

त्या आल्या, प्रमोदिनीच्या शेजारी जमिनीवर बसल्या. आमच्या घराण्यातली थोरली सून क्वार्टरच्या फरशीवर बसली.

"सुया द्या," त्या म्हणाल्या.

"वसुधा," भय्यासाहेब म्हणाले.

"अहो, माझा पोरगा बर्फात आहे. त्याच्या अंगावर आज जे असेल ते कोणत्या घरातून आलं, त्या घरी कोण गेलं होतं, मला काय ठाऊक? कोणीतरी विणलं असेल ना? त्या बाईच्या घरी सुतक असेल तर मी तिच्या पाया पडेन. सुतक असून तिने विणलं." मग प्रमोदिनीकडे वळून म्हणाल्या, "बाहीचं कोणतं म्हणालात?"

"विठ्ठलाचं," प्रमोदिनी हळूच म्हणाली.

"ते तर इंदिरेला मीच शिकवलं. नवी नवरी होती तेव्हा. कडव्याला सुलट?"

"कडव्याला सुलट. ध्रुपदाला सुई पालटायची."

आणि वहिनी गाऊ लागल्या. त्यांचा आवाज फार चांगला नाही. पहिल्या कडव्याला त्या एकट्याच होत्या. सुई अडखळत होती, टाका गळाला, तो त्यांनी परत उचलला, पण गाणं सोडलं नाही. ध्रुपदाला प्रमोदिनी मिळाली. दुसऱ्या कडव्याला सगळ्या. पिशवी घेऊन उठलेली बाई उभी होती ती तशीच गात होती, मग बसली. जिची सासू लावू देणार नव्हती तिनेही सुया काढल्या. ध्रुपद आलं की वीस सुया एकदम पालटत होत्या. तो आवाज मी फॅक्टरीत कधी ऐकला नाही आणि देवळातही नाही.

मी दारात उभा होतो. मला इंदिरेचा आवाज ऐकू येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. या बायकांचाच आला. तो पुरेसा होता.

बाहीचं संपलं, टाके कमी झाले, पुन्हा बाहीचं लागलं. दुपार उतरली. लोकर लडीत होती, गुंडे करायला हात कमी पडत होते. प्रमोदिनीने इकडेतिकडे पाहिलं आणि एक लड उचलून सरळ भय्यासाहेबांपुढे धरली.

"मोठे भाऊजी, जरा हात पुढे करा जी."

"मी?"

"तुमचेच हात रिकामे हायेत."

सगळ्या गात होत्या म्हणून हसता आलं नाही, पण खांदे हलत होते. भय्यासाहेबांनी बायकोकडे पाहिलं. वहिनींनी गाता गाताच मानेने 'धरा' म्हटलं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. प्रमोदिनीने लड त्यांच्या मनगटांत अडकवली आणि गुंडा करायला बसली. हायकोर्टाचा वकील, धोतर-कोट घालून, हात जखडलेले, डावीकडून उजवीकडे हलतोय. थोड्या वेळाने त्यांचे ओठ हलायला लागले. ध्रुपदाला मी त्यांचा आवाज ओळखला. लहानपणी वडिलांच्या मागे उभे राहून आम्ही दोघं आरती म्हणायचो तेव्हाचाच आवाज.

पाळी सुटल्याचा भोंगा झाला. माणसं सायकलींवरून घरी जायला लागली. आमच्या दाराशी एकेक थांबू लागला. आधी मराठी, मग हिंदी, मग शेजारचे सरदारजी. चंद्रशेखरच्या घरी माणूस गेलंय आणि गाणं कसलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग त्यांना लोकर दिसायची, लड धरलेले भय्यासाहेब दिसायचे. सरदारजींनी सायकल भिंतीला लावली आणि आत येऊन एक लड आपल्या हातांवर चढवली. त्यांना मराठी येत नाही. ते फक्त ध्रुपदाला मान डोलवायचे, पण कोणत्या क्षणी सुई पालटते ते त्यांना बरोबर कळायचं.

सोमवारीही सगळ्या आल्या. वहिनी राइट टाउनला परत गेल्याच नाहीत. मंगळवारी सकाळी लतिकाने बाह्या एकावर एक ठेवून पाहिल्या. जुळल्या. गळ्यातून डोकं जातं का हे बघायला तिने प्रत्येक स्वेटर स्वतः घालून पाहिला. भय्यासाहेब शहरातून आले, मी त्या दिवशी रात्रपाळी मागून घेतली होती; आम्ही गठ्ठे बांधले, टांग्यात टाकले आणि बरोबर गेलो. समितीच्या बाईंनी वरचे दोन-चार काढून ताणून पाहिले आणि म्हणाल्या, "इतने सारे, और सब एक जैसे? किस मशीन पर बनाए?"

प्रमोदिनी म्हणाली, "हमारी मशीन का नाम विठ्ठल है."

टांग्यातून परत येताना भय्यासाहेब माझ्या शेजारी बसले होते. म्हणाले, "चंद्रशेखर, मी तो श्लोक तीस वर्षं सांगतोय. गाणारे, हा शब्द आला की मी तिथेच रमायचो. पुढचं घाईघाईने उरकायचो. या रविवारी मी तो पुन्हा घेणार आहे. माझ्या लोकांना सांगणार आहे की भावजयीच्या घरी ऐकला."

"वहिनी येतील का गायला?" मी विचारलं.

"ती आता तुमच्याकडेच येणार दर गुरुवारी. मला म्हणाली, तुमच्या प्रवचनात हात आखडतात."

ते हसले. मीही हसलो. इंदिरा गेल्यापासून पहिल्यांदा.

शैलेंद्रची खबर पुढच्या महिन्यात आली. गौहाटीच्या लष्करी दवाखान्यात होता. थंडीने पायाची बोटं सुजली होती, पण चालत होता. वहिनींनी ते पत्र मंडळात वाचून दाखवलं, आणि त्या दिवशी गळ्याचं भजन इतक्या जोरात झालं की रात्रपाळीची झोपलेली माणसं उठून भांडायला आली.

त्याआधीच दहावा झाला, तेरावा झाला. लतिकाने देवघराचं दार उघडलं, देव उजळले, दिवा लावला. मंडळ दर गुरुवारी बसतं. मी ज्या दिवशी घरी असतो त्या दिवशी लड धरतो. श्लोकातलं गाणं आमच्या घरी झालं, झटणं झालं, निश्चयही कोणी सोडला नाही. सुतक होतं तोवर मला सबब होती. आता सुतक फिटलं आहे. देवघरासमोरून मी रोज दोनदा जातो. देवाला नमस्कार मी अजून केलेला नाही.